सिम नसलेल्या खिशासाठी

जून २००७मध्ये अमेरिकेत पहिला आयफोन दुकानात आला, तेव्हा ४९९ आणि ५९९ डॉलर हे त्याच्या दोन किमतींचे आकडे सगळ्यांच्या तोंडी होते. बारीक अक्षरातला मजकूर वेगळाच होता. एटी अँड टी या एकाच कंपनीशी दोन वर्षांचा करार, आणि महिन्याला कमीत कमी ५९.९९ डॉलरचं बिल. चोवीस महिन्यांचा हिशेब मांडला की फोनच्या किमतीवर आणखी जवळजवळ १,४४० डॉलर होतात, कर वेगळा. त्याच वेळी, त्याच देशात पामचा झेड२२ हा तळहाताएवढा रंगीत पडद्याचा ऑर्गनायझर ९९ डॉलरला मिळत होता. त्यावर बोलता येत नसे, इंटरनेट नव्हतं, कॅमेरा नव्हता. तारखा, पत्ते, कामांची यादी आणि टिपणं या चार गोष्टी तो सांभाळायचा. पैसे एकदा मोजले की विषय संपला.

हे छोटं पुस्तक त्या ९९ डॉलरवाल्या गिऱ्हाइकासाठी आहे. फोनचा करार न घेता, खिशाला परवडेल आणि खिशात मावेल असा ऑर्गनायझर निवडायचा तर काय बघायचं आणि कशाकडे काणाडोळा करायचा, एवढाच त्याचा विषय.

विषय शिळा वाटेल. पामचा कारभार आटोपला, कॅसिओच्या डिजिटल डायऱ्या माळ्यावर गेल्या, आणि मे २०२२मध्ये अ‍ॅपलने आयपॉड टचही बंद करत असल्याचं जाहीर केलं. गरज मात्र तिथेच आहे. फोन घरी ठेवून अभ्यासिकेत जाऊन बसणारी मुलं आहेत. जे यंत्र दर पाच मिनिटांनी कुणाच्या तरी शुभ सकाळसाठी वाजतं, त्यात आपल्या औषधांच्या वेळा ठेवायला नाखूश असलेली माणसं आहेत. आणि फोन चोरीला गेला म्हणजे नुसता फोन जात नाही, हे कळलेलं तर घरटी कुणी ना कुणी सापडेल.

आपल्याकडे प्रीपेड सिम इतकं रुळलं की अमेरिकेतला तो दोन वर्षांचा करार म्हणजे काय भानगड होती, हे थोडं सांगायला हवं. एरवी कंपनी फोन स्वस्तात द्यायची आणि उरलेली किंमत महिन्याच्या बिलातून वसूल करायची. मुदतीआधी सोडायचं म्हटलं तर दंड. ज्याला फक्त डायरी हवी होती त्यालाही त्या डायरीसाठी फोनची एक लाइन दोन वर्षं पोसावी लागे, कारण २००३च्या ट्रिओ ६०० या फोननंतर ऑर्गनायझर आणि फोन सर्रास एकाच डबीत येऊ लागले आणि कंपन्यांचं सगळं लक्ष त्या डबीकडे वळलं. नुसता ऑर्गनायझर विकून एकदाच पैसे मिळतात, फोनच्या मागून दर महिन्याला येत राहतात. मग कुठल्या दुकानदाराने कशाची जाहिरात करावी?

पण या पुस्तकात पुढे जे काही म्हटलं आहे त्याच्या बुडाशी एकच गोष्ट आहे, ती इथेच सांगून टाकतो. करार फक्त फोन कंपनीचाच असतो असं नाही. सिम नसलेल्या यंत्रालाही त्याच्या अटी असतात. सेल कुठला लागतो आणि तो संपला तर काय होतं, संगणकाला जोडायची वायर कुठली, कुठल्या सॉफ्टवेअरशिवाय आतलं बाहेर निघत नाही. या अटींचं बिल महिन्याला येत नाही, म्हणून त्या दिसत नाहीत. ते येतं पाच-सात वर्षांनी, एकदम आणि अवेळी.

आपल्याकडच्या डिजिटल डायऱ्यांनी ते बिल पुष्कळांच्या हातात ठेवलं. नव्वदच्या दशकात या वस्तूला ऑर्गनायझर कुणी म्हणत नसे. ती ‘डिजिटल डायरी’, आणि बहुधा कॅसिओची. मुंबईत मनीष मार्केटात घासाघीस करून घेतलेली, नाहीतर आखातातून सुट्टीवर आलेल्या मेव्हण्याने आणलेली. औषध कंपन्यांचे एमआर, एलआयसीचे एजंट, बिल्डर यांच्या शर्टाच्या खिशात ती असायची आणि चारचौघांत ती उघडण्याची एक ऐटही असायची. नावं अर्थातच रोमन लिपीत आणि अकारविल्हे. त्यामुळे ‘पी’ दाबलं की साताऱ्यापासून जळगावपर्यंतचे सगळे पाटील रांगेत उभे. मग लोक ‘पाटील प्लंबर’, ‘पाटील कराड’, ‘पाटील आरटीओ’ अशी नावं भरायला लागले. ही युक्ती कुठल्याही माहितीपुस्तिकेत नव्हती, आणि आजही फोनमध्ये आपण तेच करतो.

या डायरीच्या पोटात दोन चपटे बटन सेल असत, एक मुख्य आणि एक राखीव. मुख्य सेल बदलताना राखीव जागेवर हवा, राखीव बदलताना मुख्य. दोन्ही एकदम काढायचे नाहीत अशी सूचना असे. घड्याळजीकडे टाकलेल्या डायरीच्या बाबतीत ती पाळली जाईलच असं नव्हतं. दोन्ही सेल एका वेळी बाहेर आले की आतली स्मृती कोरी, सगळे पाटील गायब. म्हणून सावध माणसं डायरीतले नंबर एका वहीत उतरवून ती वही कपाटात ठेवत. हजारो रुपयांच्या यंत्राचा बॅकअप शंभर पानी वहीत. हसू येतं खरं, पण यंत्र घेण्याआधीच त्याच्या मरणाची व्यवस्था करून ठेवणारी ती माणसं आजच्या आपल्यापेक्षा शहाणी होती असं माझं मत आहे.

पामबद्दल या पुस्तकात सगळ्यात जास्त पानं आहेत. पक्षपात झाला आहे, असू दे. कमी पैशात, फोनशिवाय, खिशातला ऑर्गनायझर हा प्रकार ज्यांनी मुळापासून विचार करून घडवला ते हेच लोक. पामचे संस्थापक जेफ हॉकिन्स यांनी पहिला पायलट घडवण्याआधी त्या मापाचा लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला आणि तो शर्टाच्या खिशात घालून ते हिंडायचे. कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा, काडीने त्यावर टकटक करायची, जणू तारीख बघतोय. लोकांना काय वाटलं असेल ते असो. पण कुठली गोष्ट दिवसातून किती वेळा लागते आणि ती किती टकटकींत सापडली पाहिजे, हे त्या ठोकळ्याने शिकवलं. त्याआधी १९९३मध्ये अ‍ॅपलचा न्यूटन आला होता. हुशार, महाग आणि शर्टाच्या खिशात न मावणारा. तो १९९८मध्ये बंद झाला. मार्च १९९६चा पायलट १००० त्यामानाने बावळट होता. १२८ किलोबाइट स्मृती, करडा पडदा, दोन बारीक पेन्सिल सेल, किंमत २९९ डॉलर. पण ते दोन सेल आठवडेच्या आठवडे पुरत, आणि बटण दाबलं की यंत्र त्याच क्षणी जागं होई.

हे ‘त्याच क्षणी’ प्रकरण समजून घ्यायला हवं. खाली डाव्या हाताचं तारखेचं बटण दाबायचं. यंत्र बंद असलं तरी ते सुरू होऊन थेट आजचं पान उघडतं. स्वागताचा पडदा नाही, परवलीचा शब्द नाही, खालून वर सरकवणं नाही. चारच्या ओळीवर स्टायलस टेकवायचा आणि खालच्या चौकटीत लिहायला लागायचं. तिथे डाव्या बाजूला अक्षरं, उजव्या बाजूला आकडे. लिपी ग्राफिटी नावाची, बहुतेक प्रत्येक अक्षर एका फटकाऱ्यात. ‘ए’ म्हणजे आडवी दांडी नसलेला, छपरासारखा आकार. ‘टी’ म्हणजे डावीकडून उजवीकडे जाऊन खाली उतरणारी रेघ. शब्द तोडायला डावीकडून उजवीकडे एक आडवी रेघ, खोडायला तीच उलटी. एका दुपारी हात बसतो. यंत्राने माणसाचं अक्षर ओळखावं हा हट्ट न्यूटनने धरला होता. पामने उलट माणसालाच थोडं अक्षर बदलायला सांगितलं, आणि माणसं खुशीने तयार झाली.

या लिपीवरून झेरॉक्सने दावा लावला. तो वर्षानुवर्षं चालला आणि २००३च्या सुमारास पामने ग्राफिटी बदलून ग्राफिटी २ आणली. तिच्यात ‘आय’, ‘टी’, ‘के’ अशी काही अक्षरं दोन फटकाऱ्यांची झाली. दिसायला ओळखीची, लिहायला संथ. जुनं यंत्र घेताना हा फरक आजही लागू पडतो. २००२चा ९९ डॉलरचा झायर जुन्या ग्राफिटीचा आहे, २००३चा टंगस्टन ई नव्या. झायरचा पडदा करडा, त्याला उजेड नाही, स्मृती दोन मेगाबाइट, समोर बटणं फक्त दोन, तारखा आणि पत्ते. परीक्षणं लिहिणाऱ्यांना तो अपुरा वाटला. ज्यांना तारखा आणि पत्तेच हवे होते त्यांना अपुरं काय वाटणार?

स्वस्ताईचा खरा हिशेब मात्र सेलपाशी येऊन अडतो. पेन्सिल सेलवर चालणारे जुने पाम आजही कुठल्याही किराणा दुकानातल्या सेलवर चालतात. पण त्यांची स्मृती विजेवर जगते. सेल बदलताना जेमतेम मिनिटभराची सवड. सेल संपून यंत्र खणात पडून राहिलं की आतलं सगळं पुसलं. २००५चे टंगस्टन ई२, झेड२२ आणि टीएक्स यांच्यात फ्लॅश स्मृती आली. वीज गेली तरी लिहिलेलं राहतं. पण त्यांची बॅटरी आत बसवलेली, सहज काढता न येणारी, आणि आता ती वीस वर्षांची म्हातारी. म्हणजे ज्याचा सेल मिळतो त्याची स्मृती कच्ची, आणि ज्याची स्मृती पक्की त्याच्या सेलची बोंब. यातून सुटका नाही, निवड आहे. कुणी कुठलं घ्यावं हे तिसऱ्या प्रकरणात माणसं बघून सांगितलं आहे.

बाकीच्यांकडे थोडक्यात. ब्रिटनच्या सायॉन कंपनीच्या सिरीज ५ आणि ५एमएक्स या यंत्रांचा कळफलक त्या मापाच्या कुठल्याही यंत्रात मी पाहिलेला सर्वांत चांगला. दोन पेन्सिल सेल, आणि लिहिलेलं कार्डावर उतरवून घेण्याची सोय. पण सिरीज ५ची पडद्याकडे जाणारी चपटी वायर बिजागरीपाशी तुटते हे त्याचं प्रसिद्ध दुखणं. २००१मध्ये कंपनीने हा धंदाच सोडला. आयपॅक आणि त्याचे विंडोजवाले भाऊबंद दिसायला देखणे, पण रोज चार्जिंगला लावा, आणि २००५च्या विंडोज मोबाइल ५आधीच्या यंत्रांत बॅटरी पूर्ण उतरली की मजकूरही गेला. शौक असेल तर घ्या, भरवसा ठेवू नका.

सिम्प्युटरचं प्रकरण पुस्तकात यायलाच हवं होतं, कारण फोनशिवायचा, परवडणारा, आपल्या माणसांसाठीचा हातातला संगणक हा विचार बेंगळुरूत झाला होता. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोर सॉफ्टवेअरच्या लोकांनी तो आखला. त्यात स्मार्ट कार्डाची खाच ठेवली, म्हणजे एक यंत्र गावातल्या अनेकांनी वापरावं आणि आपापली माहिती आपापल्या कार्डावर न्यावी. माहिती माणसाची आणि यंत्र कुणाचंही, ही कल्पना आजही शिळी झालेली नाही. पण २००४मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि पिकोपेटा यांनी अमिडा सिम्प्युटर बाजारात आणला तेव्हा त्याची किंमत साधारण दहा हजारांपासून सुरू होत होती, आणि त्याहून कितीतरी कमी पैशांत बोलता येणारा मोबाइल मिळत होता. अपेक्षेएवढा तो खपला नाही.

आयपॉड टच सप्टेंबर २००७मध्ये आला. आयफोनच, पण फोन आणि करार वगळून. ८ जीबीला २९९ डॉलर. ऑर्गनायझर शोधणाऱ्यांच्या यात्रेचा हा शेवट होता असं आज वाटेल, पण सुरुवातीला त्याच्या कॅलेंडरात यंत्रावरून नवी नोंद करताच येत नव्हती. संगणकावर लिहा आणि इथे फक्त वाचा! ती सोय नंतरच्या सुधारणेत आली. टिपणांचं अ‍ॅप जानेवारी २००८मध्ये आलं, तेही आधीच यंत्र घेतलेल्यांना वीस डॉलर घेऊन. पुढे तो सुधारला आणि २०१९ची सातवी आवृत्ती १९९ डॉलरला मिळू लागली. ती आयओएस १५वर थांबली आहे. जुना टच चांगल्या अवस्थेत मिळाला तर आजही घेण्याजोगा आहे, पण एका अटीवर. आधीच्या मालकाने आपलं खातं तुमच्यासमोर काढून दिलं पाहिजे. ते न काढलेला टच म्हणजे कुलूप लावलेली पेटी.

आज काय घ्यावं, या प्रश्नाला माझं उत्तर फारसं रोमांचक नाही. घरात पडलेला जुना अँड्रॉइड फोन घ्या आणि त्यातलं सिम काढा. तो अमेरिकेतल्या भाच्याने दिलेला आणि तिथल्या कंपनीला बांधलेला असला तरी बिघडत नाही. ते कुलूप सिमचं असतं, आणि आपल्याला सिमच नको आहे. बॅटरी फुगलेली नाही ना, मागचं झाकण उचललं गेलेलं नाही ना, हे आधी बघा. फुगली असेल तर तो फोन घरात चार्जिंगलाही लावू नका. मग सगळं पुसून नव्याने सुरू करा. तो विकत घेतला असेल तर आधीच्या मालकाचं गुगल खातं आधी निघालं पाहिजे, कारण २०१५नंतरच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये खातं न काढता पुसलं तर यंत्र जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसतं. सुरुवातीला खातं विचारलं जाईल, ते टाळता येतं. विमान मोड चालू ठेवा. नेटवर्क नसल्यामुळे घड्याळ हळूहळू पुढेमागे होतं, ते अधूनमधून हाताने लावा. आणि अशा फोनला सुरक्षेच्या सुधारणा येणं थांबलेलं असतं, म्हणून त्यावर बँकेचं काही नको.

हे फुकटातलं यंत्र जुन्या पामपेक्षा एका बाबतीत स्पष्ट सरस आहे. त्यावर मराठी लिहिता येतं. पामवर देवनागरी कधी नीट आलीच नाही. रोमन लिपीत नावं भरायची आणि वर्षाने आपल्यालाच कळत नाही की कुठलं कुठलं. शिवाय फोनमधल्या तारखा आयसीएस, पत्ते व्हीसीएफ आणि टिपणं साध्या टेक्स्ट फाइलीत बाहेर काढता येतात, आणि या तिन्ही प्रकारच्या फाइली दुसऱ्या जवळपास कुठल्याही यंत्राला वाचता येतात. माझ्या मते परवडणाऱ्या ऑर्गनायझरची पहिली कसोटी हीच आहे, आणि किंमत त्यानंतर.

तरीही कुणाला पामच हवा असेल तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. ज्याला त्या यंत्रात मेल, बातम्या, चित्रफिती यांतलं काहीही येण्याची शक्यताच नको आहे, त्याच्यासाठी जुना पाम हे अजूनही उत्तम उत्तर आहे. फक्त अटी ठाऊक हव्यात. पामने यूएसबीच्या वायरीसाठी लागणारा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजला दिलाच नाही. मग ब्लूटूथ किंवा इन्फ्रारेडचा आडमार्ग, नाहीतर जुना ३२ बिटचा संगणक सांभाळणं आलं. आणि एक अट तर दिनदर्शिकेच्याच पोटात आहे. पामची तारखांची मोजणी १९०४पासून सुरू होते आणि वर्षासाठी तिच्यात जागा इतकी मोजकी आहे की ती ३१ डिसेंबर २०३१ला संपते. त्यापुढची भेट त्यात लिहिता येत नाही. मुलीच्या दहावीचं वर्ष टिपायला पाम घेणाऱ्यांनी आधी तिचं वय मोजावं.

कागदी डायरीबद्दल या पुस्तकात प्रकरण नाही. कागदाविरुद्ध माझं काही नाही, पण कागदी डायरीत दर महिन्याच्या १० तारखेला येणारं काम बारा वेळा लिहावं लागतं आणि ती वेळेवर वाजत नाही. ज्यांना हे चालतं त्यांना या पुस्तकाची गरजच नाही.

प्रकरणांची रचना खरेदी करणाऱ्याच्या क्रमाने केली आहे. आधी आपल्याला नेमकं काय टिपायचं आहे याची मोजदाद, मग सेल, मग पाम आणि त्याची भावंडं, मग सिम काढलेला फोन, आणि शेवटी मजकूर बाहेर काढण्याच्या रीती. विकणाऱ्यासमोर करायची तपासणी दुसऱ्या प्रकरणात आहे. चार नोंदी स्वतःच्या हाताने भरायच्या, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं, त्या जागेवर आहेत का बघायच्या, आणि त्यातली एक तरी दुसऱ्या यंत्रावर नेऊन दाखवायला सांगायची. विकणारा कुरकुरेल, पण पैसे तोवर आपल्या खिशात असतात. आजच्या किमती मुद्दामच दिलेल्या नाहीत. जुन्या वस्तूंचा भाव गल्लीगणिक बदलतो, आणि पुस्तक छापून होईपर्यंत तो खोटा ठरलेला असतो. ज्यांच्याकडे यंत्र आधीच आहे आणि आतला मजकूर अडकला आहे, त्यांनी मधलं सगळं सोडून सरळ शेवटचं प्रकरण उघडावं.